दोन कुलपांचा पेटारा

ये, अशी जवळ सरक की. लांब बसून ऐकायला मी काय रेडिओ आहे? तू पुण्यात आणि मी कोल्हापुरात, हे मला कळतं. पण ही वही मांडीवर घेतली की तू समोर बसलीस असंच मी धरते. आणि समोर बसलीस तर आधी चार बोलणी खा. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. शिमग्याला येते म्हणालीस, तर परीक्षा निघाली. आता पत्र पाठवलंस ते कशासाठी? तर म्हणे, "धाकली आज्जी, आम्हाला कॉलेजात निःशस्त्रीकरण हा विषय आहे. तुझ्या तरुणपणी लोकांना त्याबद्दल काय वाटायचं ते लिहून पाठव." अगं, आज्जीची खुशाली विचारायच्या आधी तू बॉम्ब विचारलास.

बरं, लिहिते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्या सोडून, त्यांच्या कागदांवरनं. तेव्हा एखादं वाक्य वाकडं गेलं तर तूच सरळ करून घे. पण हा विषय मला कुणी शिकवावा लागला नाही. मोठी मोठी राष्ट्रं टेबलाभोवती बसून जे बोलत होती, तेच त्या वर्षांत आमच्या परसातल्या आडावर चाललं होतं.

आक्का म्हणजे तुझी सख्खी आज्जी, माझी थोरली बहीण. आम्ही कागलकडच्या. संस्थान होतं तोवर तिचं लग्न झालं, आणि संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या साली माझं. दोघी एकाच भावकीत पडलो. तिला थोरलं घर, मला धाकलं. दोघींचे सासरे चुलतभाऊ, घरं पाठीला पाठ लावून, मधे एकच परसू आणि परसात आड. आमची आई आधीच गेली होती. वडील माझ्या लग्नात म्हणाले, "माझं घर लांब पडलं तरी तुम्हा दोघींचं म्हायेर भिंतीपल्याड हाय." तेव्हा भिंत नव्हती. बोलायची रीत म्हणून ते बोलले होते.

दोन्ही घरांतली माणसं दरबारच्या पलटणीतली. माझे मामंजी सुभेदार होते, थोरल्या घरचे मामंजी जमादार. संस्थान गेलं तशी पलटण मोडली आणि सगळे घरी आले. कमरेचा पट्टा सुटलेला शिपाई घरात बसवला ना बाई, की तो घरातच मोहीम काढतो. सकाळी उठून दाढी करायची, मिशीला पीळ द्यायचा, आणि मग जायचं कुठं? परसात. परसात कोण? चुलतभाऊ. तोही तसाच दाढी करून उभा.

भांडण झालं ते म्हशीच्या खुंट्यावरनं. खुंटा हातभर इकडं की हातभर तिकडं. मी भाकरी थापत होते. आधी नुसते आवाज होते, ते रोजचेच. मग आक्काची किंकाळी ऐकली. धावत गेले तर दाजी, म्हणजे तुझे आज्जे, डावा हात छातीशी धरून खाली बसलेले. तुझ्या आज्जांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तू ती मोजायचीस, आणि दोन पलटणीत गेली असं तुला सांगितलेलं. पलटणीत नाही गेली. परसात गेली. आणि फरशी, म्हणजे ती लढाईची कुऱ्हाड, कुणाच्या हातात होती ते लिहायला मला चाळीस वर्षं लागली. ह्यांच्या हातात होती. तुझ्या धाकल्या आज्जांच्या.

हे माणूस म्हणून वाईट नव्हते. तुला खांद्यावरनं जत्रेला न्यायचे ते हेच. पण भिंतीला फरशी टांगलेली होती, आणि हात आपोआप तिकडं गेला. रिकामी भिंत असती तर हात रिकामाच परत आला असता. एवढंच मला त्यातनं कळलं.

गल्लीतल्या तालमीचे वस्ताद मधे पडले म्हणून गोष्ट कोर्टात गेली नाही. पण परसात भिंत आली. आडाचं काय करायचं? आड तर एक. मग आडाच्या तोंडावर आडवी शिळा टाकली आणि भिंत तिच्यावरनं पुढं नेली. अर्धं तोंड त्यांच्याकडं, अर्धं आमच्याकडं. रहाट दोन झाले. पाणी मात्र खाली एकच, ते कुणाला वाटता आलं नाही.

मग चढाओढ लागली. त्यांनी दाराला लोखंडी पट्ट्या मारल्या, आम्ही दाराआड लावायचा अडणा दुप्पट जाडीचा केला. त्यांनी कुत्रं पाळलं, आम्ही दोन पाळली. आमची दोन्ही कुत्री त्यांच्याच दारात जाऊन भाकरी खायची, ही गोष्ट वेगळी. दसऱ्याच्या आधी हत्यारांना धार लावायला शिकलगार यायचा, तोच दोन्ही घरांचा. गरीब माणूस, चुगली करणारा नव्हे. आमचे मामंजी त्याला विचारायचे, "पल्याड किती काम निघालं?" तो म्हणायचा, "बक्कळ हाय की, सुभेदार." एवढं ऐकलं की मामंजी जुन्या बाजारातनं अजून एक तलवार उचलून आणायचे. मग तो पलीकडं गेला की तिकडंही हाच प्रश्न, आणि "बक्कळ हाय" हेच उत्तर. त्याचं बक्कळ म्हणजे त्याच्या पोटापुरतं. पण आमच्या घरात ठरून गेलं की थोरल्या घरात वीस-पंचवीस हत्यारं आहेत आणि एक चोरून ठेवलेली बंदूक.

तीन वर्षं त्या भिंतीपल्याड कुणी पाऊल टाकलं नाही. माझा पोरगा त्यातच जन्मला, आणि आक्कानं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर मावशी, आणि बघू शकत नाही. मग मी एक केलं. पाणी शेंदायला म्हणून गेले, पोराला घट्ट धरलं आणि आडावर वाकले. आडात तोंड घालून हळू बोललं की आवाज पाण्यावरनं पलीकडं जातो, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. म्हटलं, "आक्के, खाली बघ." शिळेच्या खालनं, पाण्यात, तिला माझं नि पोराचं तोंड दिसलं. मलाही तिचं दिसलं.  तिची घागर उगाच पाण्याला लागली आणि आम्ही तिघं मोडून गेलो. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तान्ह्या पोराला आडावर धरलेलं बघितलं असतं तर त्या दिवशी माझंच चित्र हार घालून भिंतीला लागलं असतं.

आमच्या घरी रेडिओ आला तो त्याच काळात. गल्लीतला पहिला. संध्याकाळी बातम्यांना बाहेरच्या सोप्यात माणसं जमायची, तालमीचे वस्तादही यायचे. मी आत चुलीशी, पण कान बाहेर. थोरल्या घरच्या मामंजींकडं रेडिओ नव्हता. ते भिंतीपलीकडं आडाच्या काठावर येऊन बसायचे. त्यांच्या खोकल्यावरनं कळायचं. आमच्या मामंजींनाही कळायचं. बातम्या लागल्या की ते आवाज वाढवायचे. आत्याबाई म्हणायच्या, "एवढा मोठा कशाला? कान फाटतंय." तर म्हणायचे, "मला कमी ऐकू येतंय अलीकडं." कुठलं कमी ऐकू येतंय? चुलीवरचं दूध उतू गेलं तर ते सोप्यातनं ओरडायचे.

एकदा बातमी आली. कुठंतरी समुद्रात आधीच्याहूनही मोठा बॉम्ब उडवून बघितला, आणि त्याची राख लांबवर, मासे धरायला गेलेल्या जपानी माणसांच्या अंगावर पडली. ती माणसं कुणाच्याच भांडणात नव्हती. मी तेव्हा राखेनंच भांडी घासत होते. आपल्याला राख म्हणजे चुलीतली ठाऊक. मी हाताकडं बघत बसले.

मग पुढं बैठकांच्या बातम्या सुरू झाल्या. आपल्या दिल्लीकडनंही सांगणं गेलं होतं की बाबांनो, निदान बॉम्ब उडवून बघायचं तरी थांबवा. एका संध्याकाळी मामंजी वस्तादांना समजावून सांगायला लागले.

"एक म्हणतोय, तू आधी हत्यार खाली ठेव. दुसरा म्हणतोय, आधी तुझी किती हायती ती मोजू दे. त्यावर पहिला म्हणतोय, मोजायच्या नावाखाली घरात शिरून तू हेरगिरी करणार. खुळी हायती झालं दोघं बी."

वस्ताद पान लावत होते. "मग मिटायचं कसं, सुभेदार?"

"मोजल्याबिगर कोण इस्वास ठेवील? आन् घरात घेतल्याबिगर मोजायचं कसं? एवढं साधं हाय की."

"साधं हाय म्हणता, मग तुमचं का मिटंना?"

 भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं. मामंजींनी रेडिओ बंद केला.

आता खरी गोष्ट सांगते. त्या श्रावणात आक्कानं घागर दगडावर तीनदा वाजवली. ती आमची खूण होती. मी आडात वाकले. ती म्हणाली, "मला दिवस हायती. पाचवा लागला."  तिची दोन बाळंतपणं आधी वाया गेली होती, दुसऱ्या वेळी ती स्वतः कशीबशी राहिली होती. ती म्हणाली, "म्हायेरी कुणाकडं जाऊ? आई न्हाई. ह्या टायमाला तू जवळ पायजेस बघ. तू नसलीस तर मी न्हाई वाचायची."

मी म्हटलं, "येतो की." कुणाला विचारून म्हटलं? कुणालाच नाही.

मामंजींना आत्याबाईंकडनं विचारलं. ते ताटावरनं न उठता म्हणाले, "ज्या घराला आपल्या हातनं रगात लागलं, त्या घरात आपली सून एकटी जायची न्हाई. त्यांनी काय केलं तर मी तिच्या बापाला काय सांगू?" त्यांचं भ्यायचं कारण खोटं नव्हतं, हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस आमटीत मीठ कमी टाकलं.

भाद्रपद गेला, नवरात्र बसलं. आमच्या दोन्ही घरांत खंडेनवमी मोठी. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा व्हायची. आणि पूजेआधी ती घासायचं काम घरच्या सुनेचं. गड्याकडं नाही, पुरुषाकडं नाही. चिंच लावायची, राखेनं घासायची, धुऊन पुसून तेलाचा हात फिरवायचा. लढायला पुरुष, घासायला आम्ही. दुसरा एक नेम होता, तो लक्षात ठेव. घरातलं एकही हत्यार पूजेबाहेर राहता कामा नये. राहिलं तर ते वर्षाच्या आत घरच्याच माणसावर उलटतं, असं मानायचे.

आक्काला सातवा महिना. गरोदर बाईनं धारेला हात लावायचा नाही. तिच्या सासूचे हात संधिवातानं वाकडे झालेले. घरात दुसरी सून नाही. सप्तमी उजाडली तरी थोरल्या घरची हत्यारं बिनघासलेलीच. मग सकाळी भिंतीपलीकडनं हाक आली. तीन वर्षांतली पहिली.

"जाऊबाई, हाय का घरात?"

आत्याबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "हाय. बोला."

"माझं हात चालंनात. सूनबाईला दोन दिस धाडशीला का? पूजा मोडंल न्हाईतर आमची."

आत्याबाईंनी मामंजींकडं बघितलं. मामंजी मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "त्यांची हत्यारं आपल्या सुनंनं घासून लख्ख करायची व्हय?" मग थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "पर किती हायती ते कळंल. जा पोरी. दोन दिसांपुरती जा. नीट मोजून ये."

म्हणजे बघ, मी बहिणीकडं निघाले आणि घरानं मला हेर करून पाठवलं.

आक्का दारात उभी होती. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मिठी वगैरे काही नाही. तिची सासू बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पोराला का न्हाई आणलंस?" आणि आत जाऊन डोळे पुसून आली. दाजी अंगणात होते. ते उठून बाहेर गेले. मला बघणं त्यांना जड जात असणार.

घासायला बसले. चार तलवारी, एक भाला, एक दांडपट्टा, आणि एक परवान्याची बंदूक. सात. बंदुकीला तर कोळिष्टकं होती. दुसरी बंदूक कुठंही नव्हती. मी आतल्या खोल्या झाडायच्या निमित्तानं फिरून बघितल्या, खोटं कशाला सांगू. अष्टमीला संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "सात हायती, मामंजी."

"सात कशी असतील? लपवली असतील."

"नवमीला कोण लपवून ठेवतंय?"

"मोजणारी तू, आन् भन तुझी तिथं. तू सातच सांगणार."

हे मात्र मला लागलं. पण बोलल्या त्या आत्याबाई. त्या सहसा बोलायच्या नाहीत. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाल्या, "त्यांनी आपली कवा मोजली? त्यांस्नी बी वाटत असंल हिकडं पन्नास हायती. उद्या जाऊबाईंना बोलवा. आपली समदी मांडू, त्यांनी मोजावी. आपली खरी निघाली तर त्यांची खरी धरायची. तुमच्या त्या रेडिओवाल्यांस्नी जमंना, आपल्याला तरी बघू."

मामंजी हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

नवमीला सकाळी थोरल्या घरची सासू आली. बरोबर साक्षीला वस्ताद. आमचा पाट परसदारी मांडलेला. नऊ तलवारी, कारण मामंजी दरवर्षी एक आणत होते. दोन भाले, एक दांडपट्टा, ती फरशी, एक बंदूक. ह्यांनी फरशी ठेवली ती पात्याचं तोंड घराच्या भिंतीकडं करून. त्या माउलीनं वाकड्या बोटानं एकेक मोजलं. फरशीपाशी बोट थांबलं, मग पुढं गेलं. "चौदा," म्हणाल्या. वस्ताद म्हणाले, "सुभेदार, एवढीच ना?"

"एवढीच."

आणि मामंजी काठीवर रेलून उभे होते.

ती काठी मी दरवर्षी तेल लावून पुसत होते. ती काठी नव्हती, गुप्ती होती. मूठ फिरवून ओढली की आतनं हातभर पातं निघायचं. ती कधीच पाटावर यायची नाही, कारण ती रोजची हातातली. मामंजींना खोटं बोलायचं होतं असं मी म्हणणार नाही. बहुतेक ते विसरलेच होते की हातात आहे ते हत्यार आहे. माणूस स्वतःच्या हातातलं सगळ्यात शेवटी मोजतो.

मला ते क्षण अजून आठवतात. गप्प बसले तर चौदा ठरतात, सगळं गोड होतं. पण उद्या दाजींना कुठनं कळलं की सुभेदाराच्या काठीत पातं होतं, तर मी घासलेल्या त्या सातांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि आक्काच्या खोलीत मला पाऊल ठेवता येणार नाही. बोलले तर सासऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावलं. त्या काळी सून सासऱ्यापुढं पदर सावरून उभी राहायची, बोलायची नाही. मी पदर सावरला आणि बोलले.

"मामंजी, काठी पाटावर ठेवायची ऱ्हायली."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीला लागले. मामंजींनी काठीकडं बघितलं.  मग मूठ फिरवली, पातं बाहेर काढलं आणि दोन्ही वेगवेगळं पाटावर ठेवलं. काठी नाही म्हणून ते जरा डगमगले, तर वस्तादांनी हात दिला.

"पंधरा," मामंजी म्हणाले. "माझ्याच्यानं चूक झाली."

थोरल्या घरची सासू एकदम खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, "आमची बी सात न्हाईत. आठ हायती." उठून तशीच आपल्या घरी गेली आणि कोपरापर्यंत पीठ-भुस्सा लागलेला हात घेऊन परत आली. हातात जंबिया. जोंधळ्याच्या कणगीत तळाला पुरून ठेवलेला. म्हणाली, "बोटं गेली त्या राती पोरगा हे घिऊन भाईर निघालता. मी काढून घेतला आन् पुरला. मालकांस्नी बी ठाऊक न्हाई. तीन नवम्या मी पूजेबाहेर ठेवला. आमच्या सूनबाईची दोन लेकरं गेली ती त्यापायीच, असं माझ्या मनानं घेतलंय."

म्हणजे जो जंबिया आमच्यावर चालायचा, तो तिनं तीन वर्षं दाण्यात दाबून धरला होता. ज्याच्यावर तो चालणार होता ते माझे हे तिथंच उभे होते. ते पुढं झाले आणि तिच्या पाया पडले. 

वस्तादांनी मग वेळ घालवला नाही. कुस्तीत म्हणे पकड बसली की सोडायची नसते. तालमीत मातीच्या खोलीमागं एक मोठा लाकडी पेटारा होता. ते म्हणाले, "दोन्ही घरची समदी ह्यात. दोन कड्या, दोन कुलपं. एक चावी थोरल्या घरात, एक धाकल्या. दोघं आल्याबिगर उघडायचं न्हाई. वर्षातनं एकदा, नवमीला. पूजा तालमीत. बंदुका परवान्याच्या हायती, त्या कचेरीत जमा करा, ते काम सरकारचं."

"चाव्या कुणाकडं?" मामंजींनी विचारलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडनं आवाज आला. थोरल्या घरचे मामंजी इतका वेळ आपल्या जागेवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "सुनांकडं दे की, सुभेदार. कुठं काय हाय ते त्यांस्नीच म्हाईत असतंय. आपल्याला आपली काठी ठाऊक न्हाई."

मामंजी भिंतीकडं वळले. मग म्हणाले, "जमादार, हिकडनं या की दारातनं. भिंतीतनं काय बोलताय?"

दुसऱ्या दिवशी दसरा. घरी आणून भरलेला पेटारा परत तालमीत न्यायला चार माणसं लागली. पुढं हे आणि दाजी. दाजींनी तीन बोटांच्या हातानं कडी धरली होती, ह्यांचं लक्ष सारखं तिकडं. संध्याकाळी दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." दोघांच्याही आवाजात सुभेदारी उरली नव्हती.

सगळं एका दिवसात गोड झालं असं लिहिलं तर तू मला खोटारडी म्हणशील. ह्यांचं नि दाजींचं बोलणं सुरू व्हायला अजून दोन वर्षं गेली. भिंत पुरती कधीच पाडली नाही. आडावरच्या वरच्या तीन विटा काढल्या, हात जाईल एवढ्या. त्या विटांच्या जागेतनं पुढं किती वाट्या, किती लोणची, किती निरोप गेले. मामंजींनी साधी काठी घेतली. आक्काच्या बाळंतपणाला मी नवव्या महिन्यापासून तिथंच राहिले. अवघड गेलं. सुईण घाबरली, मग टांगा जोडून दवाखान्यात नेलं. टांग्यात आक्कानं माझा हात इतका आवळला की बांगड्या फुटल्या. मुलगी झाली. ती तुझी आई.

पुढं एका संध्याकाळी रेडिओवर बैठकीची बातमी होती. काही ठरलं नाही, पुन्हा बसणार आहेत. आमच्या सोप्यात आता दोन्ही मामंजी शेजारी शेजारी. माझे म्हणाले, "ह्यांचं काय जमत न्हाई." जमादार मामंजी म्हणाले, "बसत्यात तर खरं पुन्हा पुन्हा. आपुन तीन वर्सं बसलोसुदिक न्हाई." मला ते पटलं. अजून पटतं. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, पण जी माणसं पुन्हा येऊन बसतात, त्यांना कधीतरी कुणीतरी सांगतंच की बाबा, तुझी काठी मोजायची राहिली. सांगणारं माणूस आपल्याच घरातलं असावं लागतं, एवढं मात्र खरं. पलीकडच्यानं सांगितलं तर तंटा होतो.

तू विचारलंस म्हणून एवढं लिहिलं. पेटारा अजून तालमीत आहे. चाव्या अजून आम्हा दोघींकडंच. पण आक्काचे हात आता तिच्या सासूसारखे झालेत आणि माझी नजर मंदावली. गेल्या नवमीला कुलूप उघडायला अर्धा तास लागला, दोघी म्हाताऱ्या एकमेकींना दोष देत होतो, आणि तालमीतली माणसं हसत होती. तेव्हा चावी कुणाच्या तरी तरण्या हातात द्यायला हवी. आक्काची तुझ्या आईकडं गेली तरी ती ठेवणार तुझ्याच हातात, तिला कुठं वेळ आहे? नवरात्र बसायच्या आधी ये. चिंच मी आणून ठेवते, घासायचं कसं ते एकदा बघून घे. आणि परीक्षा असेल तर पुस्तकं इकडं घेऊन ये, आडावर बसून वाच. विटांच्या त्या फटीतनं आक्का रोज विचारते, "पोरगी कवा येणार?" मी काय सांगू तिला? लवकर ये.